जुन्या पिकअपचे इंजिन आणि ड्राइव्हट्रेन बदलताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुन्या पिकअपविषयी येणाऱ्या बहुतेक पत्रांची सुरुवात 'कोणते इंजिन बसवू?' या प्रश्नाने होते. या प्रश्नाचे उत्तर इंजिनापाशी सापडत नाही. ते टायरपासून मोजत मागे यावे लागते, आणि त्यामुळे खालील बरीच उत्तरे गिअरबॉक्स, शाफ्ट आणि एक्सल, म्हणजेच ड्राइव्हट्रेन, यांच्याभोवती फिरतात. उदाहरणे मुख्यतः १९४० ते १९७० या दशकांतील अमेरिकन पिकअपची आहेत, कारण अदलाबदलीचे सर्वाधिक प्रयोग त्यांच्यावरच झाले आहेत. एका उत्तरात आलेला मुद्दा दुसऱ्यात पुन्हा दिलेला नाही. तेथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. मूळ इंजिन बदलावे, की तेच उघडून दुरुस्त करून घ्यावे?

गाडी ताशी ६०-७० किलोमीटरने, मोकळ्या रस्त्यावर आणि हौसेपुरतीच चालणार असेल, तर मूळ इंजिन दुरुस्त करणेच शहाणपणाचे आहे. गाडीने रोजच्या रहदारीत मिसळावे, महामार्गावर ताशी १०० किलोमीटरचा वेग तासन्‌तास टिकवावा अशी अपेक्षा असेल, तर मात्र काही इंजिनांच्या मुळातल्या रचनेतच अडचण असते. १९५३ पर्यंतच्या शेव्हरोले ट्रकमधील २१६ घन इंची, म्हणजे सुमारे ३.५ लिटरचे, सहा सिलिंडरचे इंजिन हे त्याचे ठळक उदाहरण आहे. त्यात कनेक्टिंग रॉडला आजच्यासारखे सुटे बेअरिंग नसून ओतलेले बॅबिट (मऊ मिश्रधातू) असते, आणि त्या बेअरिंगला तेल पूर्ण दाबाने न मिळता रॉडच्या टोकाशी असलेल्या छोट्या पळ्यांनी चेंबरमधून (इंजिनाच्या तळाशी तेल साठवणाऱ्या भांड्यातून) उचललेले मिळते. सुमारे ९० अश्वशक्तीचे हे इंजिन सावकाश चालवले तर दीर्घायुषी असते. पण ते सतत जास्त फेऱ्यांवर ठेवले, तर आधी रॉडची बेअरिंग जातात.

एक मधला मार्ग आहे आणि तो विनाकारण दुर्लक्षिला जातो. १९५४ पासून हलक्या ट्रकमध्ये आलेले २३५ घन इंची इंजिन त्याच घराण्यातले आहे, पण त्यात सर्व बेअरिंगला दाबाने तेल पोहोचते. पाण्याचा पंप आणि पंखा यांची जुळणी करून ते जवळपास जुन्याच जागी बसते, बॉनेट उघडल्यावर गाडी मूळचीच वाटते आणि चॅसीला हात लावावा लागत नाही.

२. काम कोणत्या क्रमाने करावे?

आधी ब्रेक आणि स्टिअरिंग, मग मागचा एक्सल, मग गिअरबॉक्स आणि शेवटी इंजिन, हा क्रम मी प्रत्येकाला सांगतो आणि जवळपास प्रत्येक जण तो उलटा करतो. उलट क्रमाचा तोटा असा, की ३०० अश्वशक्तीचे इंजिन बसलेली गाडी हाताशी असताना ती न चालवण्याइतका संयम फार थोड्यांकडे असतो, आणि ती चालवायला ९० अश्वशक्तीच्या काळातले ड्रम ब्रेक उरलेले असतात. उलट, ब्रेक आणि एक्सल आधी बदलले तर जुन्या इंजिनावरही गाडी रस्त्यावर राहते, काम टप्प्याटप्प्याने होते आणि प्रत्येक टप्प्याची चूक वेगळी ओळखता येते.

मात्र खरेदीचा विचार याच क्रमाने करून सगळे भाग कागदावर एकदम ठरवावेत. एक्सलचे गुणोत्तर (चाकाच्या एका फेरीला शाफ्ट किती फेऱ्या घेतो तो आकडा) गिअरबॉक्सवर अवलंबून असते (प्रश्न ७), तर शाफ्टची लांबी सगळे बसल्यावरच कळते (प्रश्न ९).

३. कोणते इंजिन घ्यावे? शेव्हरोलेचे जुने स्मॉल ब्लॉक की नवे एलएस?

स्मॉल ब्लॉक व्ही-८ १९५५ साली २६५ घन इंची रूपात आले आणि त्याचे ३५० घन इंची, म्हणजे ५.७ लिटरचे, रूप १९६७ पासून मिळू लागले. त्याची बाजू साधेपणाची आहे. कार्ब्युरेटर, डिस्ट्रिब्युटर, दोन-चार तारा आणि इंधनाचा कमी दाबाचा पंप एवढ्यावर ते चालते, जवळपास प्रत्येक जुन्या पिकअपसाठी त्याची माउंटिंग तयार मिळतात, आणि रस्त्यात बंद पडले तर साध्या हत्यारांनी त्याचा दोष शोधता येतो.

एलएस, म्हणजे नव्या व्ही-८ इंजिनांचे घराणे, १९९७ च्या कॉर्व्हेटपासून सुरू झाले आणि १९९९ पासून ४.८, ५.३ आणि ६.० लिटरच्या रूपांत ट्रकमध्ये आले. ट्रकमधील बहुतेक इंजिनांचा ब्लॉक लोखंडी आहे, म्हणून ती अॅल्युमिनिअमच्या ब्लॉकपेक्षा जड आणि त्याच कारणाने स्वस्तही असतात. सुरुवातीच्या वर्षांतील ५.३ लिटरचे इंजिन कोणताही बदल न करता २७० ते २९५ अश्वशक्ती देते, थंडीत एका झटक्यात सुरू होते आणि कार्ब्युरेटरच्या ३५० पेक्षा कमी पेट्रोल पिते. त्याची किंमत वेगळ्या ठिकाणी मोजावी लागते : वायरिंग हार्नेस, संगणक, उच्च दाबाची इंधनव्यवस्था (प्रश्न ११) आणि चेंबरची जागा (प्रश्न ४).

एलएस घेताना इंजिन, हार्नेस, संगणक, थ्रॉटल बॉडी आणि अॅक्सिलरेटरचे पेडल एकाच गाडीतून घ्यावे. या इंजिनांच्या क्रँकशाफ्टवरील संवेदकाची दातेरी चकती सुरुवातीला २४ दात्यांची आणि नंतर ५८ दात्यांची होती, आणि संगणक त्याच चकतीला अनुरूप असावा लागतो. काही वर्षांत थ्रॉटल केबलवर तर काहींत विद्युत-नियंत्रित होता. वेगवेगळ्या वर्षांचे भाग स्वस्तात जमवून केलेला संच बाकावर सुंदर दिसतो आणि गाडीत सुरू होत नाही. मूळ गाडीचा चोरीविरोधी कोड संगणकातून काढून घेणेही आवश्यक आहे. तो राहिला तर इंजिन क्षणभर सुरू होऊन बंद पडते आणि माणूस पेट्रोलच्या पंपाला दोष देत बसतो.

माझे मत विचारले तर असे आहे : वर्षातून काही शे किलोमीटर चालणाऱ्या गाडीला ३५० पुरेसे आहे. रोज चालणाऱ्या गाडीला एलएस द्यावे.

४. नवे इंजिन माझ्या गाडीत मावेल का, हे विकत घेण्याआधी कसे ठरवावे?

जुन्या पिकअपचे बॉनेट उंच आणि इंजिनाचे दालन प्रशस्त असते, त्यामुळे लांबी-रुंदीची अडचण क्वचितच येते. अडचण कोपऱ्यांत येते. चेंबरचा खोल भाग पुढे आहे की मागे, आणि तो चॅसीच्या आडव्या पट्टीवर किंवा स्टिअरिंगच्या दांड्यांवर येतो का, हे सर्वांत आधी पाहावे. एलएसच्या ट्रकमधील मूळ चेंबर बराच खोल असतो आणि जुन्या चॅसीत तो सहसा बदलावाच लागतो. दुसरी जागा स्टिअरिंग बॉक्स आणि डावीकडचा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड यांच्यामधली. इंजिन नुसते उभे केले असता ती पुरेशी वाटते, पण गाडी चालताना इंजिन माउंटिंगवर हलते, आणि मग नळी बॉक्सला टेकते. तिसरी जागा मागची : इंजिन आणि केबिनची पत्र्याची भिंत यांच्यात निदान २५ मिलिमीटर मोकळी जागा असावी, म्हणजे बेल हाउसिंगच्या (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणाऱ्या घंटाकृती आवरणाच्या) वरच्या बोल्टला पाना लागतो.

इंजिनाची अंतिम जागा ठरवताना रेडिएटर, पंखा आणि पुढचा पत्रा गाडीवर असला पाहिजे; नुसत्या उघड्या चॅसीवर बसवलेले इंजिन नंतर पंख्यासकट रेडिएटरमध्ये घुसते. कार्ब्युरेटर असेल तर इंजिन मागे सुमारे तीन अंश कलते ठेवतात, कारण बहुतेक इनटेक मॅनिफोल्डवरील कार्ब्युरेटरची बैठक तेवढा कल धरूनच घडवलेली असते. हाच कल पुढे शाफ्टच्या कोनांत मोजावा लागतो.

वजनाची भीती मात्र बहुधा अनाठायी असते. जुनी लोखंडी, सरळ रांगेतील सहा सिलिंडरची इंजिने दिसतात त्याहून जड असतात, आणि साधारण २६० किलोचे स्मॉल ब्लॉक बसवल्याने पुढच्या पाट्यांवरचा भार वाढतोच असे नाही.

५. जुनाच गिअरबॉक्स ठेवला तर चालेल का?

स्टिअरिंगच्या खांबावर दांडा असलेले जुने तीन गिअरचे बॉक्स नव्या इंजिनाच्या टॉर्कसाठी बनलेले नव्हते. हळू पाय ठेवला तर ते टिकतात, पण तसा पाय ठेवणारा माणूस व्ही-८ बसवत नाही. जड कामाचे चार गिअरचे बॉक्स, उदाहरणार्थ एसएम-४६५, ताकदीला कधीच कमी पडत नाहीत. त्यांचा पहिला गिअर ६.५५ चा असल्याने गाडी भिंतही ओढेल असे वाटते. पण त्यांचा चौथा गिअर थेट १.०० चा आहे, आणि महामार्गावर इंजिनाच्या फेऱ्या कमी करण्याचे काम मग एकट्या एक्सलवर पडते.

६. मॅन्युअल घ्यावा की ऑटोमॅटिक, आणि त्यातला कोणता?

मॅन्युअलमध्ये बॉर्ग-वॉर्नरचा पाच गिअरचा टी-५ हलका आणि अरुंद आहे. शेव्हरोले एस-१० पिकअपमध्ये आलेल्या टी-५ चा दांडा बराच पुढे असतो, त्यामुळे जुन्या पिकअपच्या सलग सीटपुढे तो नेमका येतो. परंतु सर्व टी-५ सारख्या ताकदीचे नाहीत, आणि चार सिलिंडरच्या गाडीतून काढलेला बॉक्स चांगल्या ३५० पुढे टिकत नाही. सहा गिअरचा टी-५६ ताकदवान आहे, पण मोठा आहे आणि त्यासाठी केबिनचा तळ कापावा लागू शकतो.

मॅन्युअल बसवताना दोन गोष्टी सुटतात. क्रँकशाफ्टच्या टोकाला पायलट बेअरिंग (गिअरबॉक्सच्या पुढच्या दांड्याचे टोक पेलणारे) हवे. ऑटोमॅटिक गाडीतून आलेल्या इंजिनात ते बहुधा नसते. बेल हाउसिंगचे मध्य-भोक क्रँकशाफ्टच्या अक्षाशी डायल गेजने तपासावे, आणि विचलन सुमारे ०.१३ मिलिमीटरपेक्षा जास्त असेल तर विकेंद्री पिना वापरून ते सुधारावे. हे न केल्याने गिअर अडकतात आणि दोष बिचाऱ्या गिअरबॉक्सला लागतो.

ऑटोमॅटिकमध्ये टीएच-३५० लहान, सोपा आणि निगराणीला हलका आहे, पण त्याचे तीनच गिअर २.५२, १.५२ आणि १.०० असे आहेत. ७००आर४ हा १९८२ पासूनचा चार गिअरचा बॉक्स पहिल्या गिअरला ३.०६ आणि ओव्हरड्राइव्हला (इंजिनापेक्षा शाफ्ट जास्त फिरवणाऱ्या वरच्या गिअरला) ०.७० देतो, आणि त्याला संगणकाची गरज नसते; जुन्या जड पिकअपला हे दोन्ही आकडे मानवतात. मात्र कार्ब्युरेटरपासून बॉक्सपर्यंत जाणारी त्याची टीव्ही (थ्रॉटल व्हॉल्व्ह) केबल म्हणजे नुसती खालचा गिअर लावण्याची सोय नव्हे. तिच्यावर बॉक्समधील तेलाचा दाब ठरतो. ती सैल राहिली, किंवा कार्ब्युरेटरवरील तिच्या कडीची भूमिती चुकली, तर कमी दाबाने क्लच घसरतात आणि नवा दुरुस्त केलेला बॉक्स काही किलोमीटरांत जळतो. संगणक-नियंत्रित ४एल६०ई मध्ये ही केबल नाही, म्हणून एलएसबरोबर तोच घेणे सोयीचे असते.

७. एक्सलचे गुणोत्तर किती असावे?

यासाठी एकच सूत्र पुरते : किलोमीटरमधील ताशी वेग गुणिले एक्सलचे गुणोत्तर गुणिले वरच्या गिअरचे गुणोत्तर गुणिले ५.३, आणि त्याला टायरच्या मीटरमधील व्यासाने भागायचे. येते ते इंजिनाच्या दर मिनिटाच्या फेऱ्या. टायरचा व्यास ०.७१ मीटर, वेग १०० आणि वरचा गिअर १.०० धरला, तर जुन्या शेव्हरोले हाफ-टनच्या ४.११ गुणोत्तरावर इंजिन सुमारे ३,०७० फेऱ्यांवर धावते. तोच एक्सल ठेवून ०.७० चा ओव्हरड्राइव्ह लावला की हा आकडा २,१५० होतो. उलट, तीन गिअरचाच बॉक्स ठेवून ३.०८ चा एक्सल घातला, तर २,३०० च्या आसपास येतो.

वरवर पाहता शेवटचे दोन पर्याय सारखेच दिसतात, पण गाडी जाग्यावरून उचलताना त्यांचा फरक कळतो. ७००आर४ च्या ३.०६ च्या पहिल्या गिअरला ४.११ ने गुणले तर १२.६ येते, टीएच-३५० च्या २.५२ ला ३.०८ ने गुणले तर ७.८. पहिल्या गाडीला बैलाचा जोर मिळतो आणि दुसरी चढावर दमते. त्यामुळे महामार्गासाठी फक्त एक्सल उंच, म्हणजे कमी गुणोत्तराचा, करण्यापेक्षा ओव्हरड्राइव्हचा बॉक्स घेणे जवळपास नेहमीच योग्य ठरते, आणि ओव्हरड्राइव्हसोबत ३.५ ते ४.१ मधले गुणोत्तर छान जमते.

फेऱ्या अति कमी करण्याचाही मोह होतो. ओव्हरड्राइव्हमध्ये १,६०० फेऱ्यांवर रांगणारे कार्ब्युरेटरचे इंजिन पेट्रोल वाचवत नाही, कारण उभ्या काचेचे आणि उघड्या हौद्याचे ते धूड हवेतून रेटण्यासाठी पाय अधिक दाबावा लागतो.

८. मागचा एक्सल बदलायचा तर कोणता शोधावा?

एक्सलच्या दोन्ही टोकांना चाके टेकतात त्या पृष्ठभागांमधील अंतर आधी मोजावे आणि त्या रुंदीचा एक्सल शोधावा. ताकदीचा विचार त्यानंतर करावा. फोर्डचा ९ इंची एक्सल १९५७ ते १९८६ या काळात अनेक गाड्यांत आला. त्याचा संपूर्ण क्राउन-पिनियनचा (शाफ्टची फेरी चाकांकडे वळवणाऱ्या दातेरी जोडीचा) गठ्ठा पुढून एकसंध निघतो, म्हणून गुणोत्तर बदलणे सोपे जाते. जनरल मोटर्सचा १२ बोल्टचा किंवा डाना-४४ हेही पुरेसे आहेत. ४०० अश्वशक्तीच्या आत आणि रस्त्यावरच्याच वापरासाठी डाना-६० घालणे म्हणजे न उचलायचे वजन वागवणे होय.

पाट्यांच्या बैठका वेल्ड करताना एक नियम मोडू नये. गाडीचे सगळे वजन चाकांवर असताना, हौद्यासकट, पिनियनचा कोन ठरवावा, बैठका टाक्याने धराव्यात आणि मगच एक्सल काढून पूर्ण वेल्ड करावा. हवेत लोंबणाऱ्या चॅसीवर मोजलेला कोन जमिनीवर आल्यावर बदलतो.

९. ठरावीक वेगाला गाडी थरथरते. शाफ्ट बॅलन्स करून आणला तरी फरक नाही. काय करावे?

आधी थरथर इंजिनाची की शाफ्टची हे वेगळे करावे. ज्या वेगाला थरथर येते त्या वेगाला मोकळ्या रस्त्यावर गाडी न्यूट्रल करावी. फेऱ्या उतरल्या तरी थरथर तशीच राहिली, तर दोष गिअरबॉक्सच्या मागे आहे. ती नाहीशी झाली तर बहुधा फ्लायव्हील, कन्व्हर्टर (ऑटोमॅटिकमध्ये तेलाच्या साहाय्याने क्लचचे काम करणारा भाग) किंवा माउंटिंगकडे पाहावे. पण ती फक्त जोर लावतानाच येत असेल, तर मागचा एक्सल पाट्यांवर पिळून पिनियन वर उचलला जात असण्याचीही शक्यता आहे.

शाफ्टचा दोष ठरला, तर बॅलन्सिंगपेक्षा कोन अधिक वेळा चुकलेले असतात. युनिव्हर्सल जॉइंट (शाफ्टच्या टोकाचा वाकणारा सांधा) कोनात फिरतो तेव्हा शाफ्टचा वेग प्रत्येक फेरीत दोनदा वाढतो आणि दोनदा घटतो, आणि दुसऱ्या टोकाच्या जॉइंटने तो चढउतार रद्द करायचा असतो. त्यासाठी दोन्ही टोकांचे काटे एका रेषेत असावेत, गिअरबॉक्सचा बाहेरचा अक्ष आणि पिनियनचा अक्ष समांतर असावेत, आणि प्रत्येक जॉइंटवरचा कोन साधारण एक ते तीन अंशांत राहून दोन्ही कोनांतील फरक एका अंशाच्या आत असावा. कोन शून्य ठेवणेही चुकीचे आहे. मग जॉइंटमधल्या सुया एकाच जागी बसून खळगे पाडतात. पाटे असलेल्या गाडीत जोर लावताना पिनियन वर उचलला जातो, म्हणून तो समांतर रेषेपेक्षा एक-दोन अंश खाली ठेवतात.

लांबीबाबत एवढेच, की गाडी चाकांवर उभी असताना सरकणारा काटा पूर्ण आत बसून मग सुमारे २० ते २५ मिलिमीटर बाहेर आलेला असावा. लांब हौद्याच्या गाडीत एकाच लांब नळीऐवजी मध्ये बेअरिंग असलेला दोन तुकड्यांचा शाफ्ट वापरावा.

१०. माझ्या गाडीचा शाफ्ट दिसतच नाही. तो एका जाड नळीत बंद आहे. त्याला नवा गिअरबॉक्स जोडता येईल का?

सरळ जोडता येणार नाही. ही टॉर्क ट्यूब आहे, आणि १९५० च्या दशकाच्या पूर्वार्धापर्यंतच्या हलक्या शेव्हरोले पिकअपमध्ये ती असे. ती शाफ्टवरचे नुसते झाकण नसते; एक्सल पुढे ढकलतो तो जोर आणि त्याची उलटी पिळण्याची ओढ, दोन्ही ही नळी गिअरबॉक्सच्या मागच्या टोकापर्यंत नेते. नवीन गिअरबॉक्सला ते टोकच नसते. नळी काढली की ही कामे पाट्यांवर येतात, म्हणून उघड्या शाफ्टचा एक्सल, त्याला अनुरूप बैठका आणि गिअरबॉक्ससाठी नवी आडवी पट्टी असे सगळे एकत्रच बदलावे लागते. 'आधी फक्त गिअरबॉक्स, एक्सल पुढच्या वर्षी' ही योजना या एका गाडीत चालत नाही. प्रश्न २ मधील क्रमाचा हा मोठा अपवाद आहे. शेव्हरोलेचे इंजिन बदलून मूळ गिअरबॉक्स आणि नळी तशीच ठेवता येते, पण मग ४.११ चे गुणोत्तरही पदरी राहते.

११. एलएससाठी इंधनाची टाकी आणि नळ्या बदलाव्या लागतात का?

होय. कार्ब्युरेटरला सुमारे ०.३ ते ०.५ बार दाब पुरतो. एलएसला ४ बार लागतो. जुन्या रबरी नळ्या आणि साध्या पट्ट्या हा दाब धरत नाहीत, आणि टाकीबाहेर लावलेला विजेचा पंप तापून गोंगाट करतो. टाकीच्या आत बुडलेला पंप हाच टिकाऊ उपाय आहे. टाकीत अडसर-पत्रे नसतील, तर वळणावर पेट्रोल बाजूला सरते, पंप हवा ओढतो आणि अर्धी टाकी भरलेली असूनही इंजिन अडखळते.

शेव्हरोले पिकअपमध्ये १९७२ पर्यंत टाकी केबिनमध्ये, सीटच्या मागे असे. उच्च दाबाचे पेट्रोल माणसांच्या पाठीशी खेळवणे मला मान्य नाही; इंजेक्शनचे इंजिन बसवताना टाकी चॅसीच्या पट्ट्यांमध्ये, एक्सलच्या मागे न्यावी.

१२. एलएसला टीएच-३५० जोडता येतो का? बोल्ट तर जुळतात.

बेल हाउसिंगचे बहुतेक बोल्ट जुळतात, आणि तेथेच फसगत होते. एलएसच्या क्रँकशाफ्टचे मागचे टोक जुन्या स्मॉल ब्लॉकपेक्षा सुमारे १० मिलिमीटर आत असते. जुना कन्व्हर्टर लावायचा तर त्या फरकाची चकती आणि योग्य फ्लेक्सप्लेट (क्रँक आणि कन्व्हर्टर यांना जोडणारी पातळ प्लेट) लागते. चकती नसली तर कन्व्हर्टर क्रँकच्या टोकात मध्यावर बसत नाही. १९९९ आणि २००० मधील काही ६.० लिटर इंजिनांचे टोक मात्र लांब असते आणि त्यांना ही चकती नको असते, म्हणून प्रत्यक्ष मोजल्याशिवाय भाग मागवू नये.

कोणत्याही ऑटोमॅटिकला लागू असलेली एक तपासणी : बेल हाउसिंग इंजिनाला पूर्ण टेकल्यावर कन्व्हर्टर हाताने फिरला पाहिजे आणि फ्लेक्सप्लेटपर्यंत ३ ते ५ मिलिमीटर पुढे ओढता आला पाहिजे. बोल्ट आवळून बॉक्स ओढून घ्यावा लागत असेल, तर कन्व्हर्टर पंपाच्या दातांत बसलेला नाही आणि इंजिन सुरू होताच पंप फुटेल.

१३. नवे इंजिन रहदारीत तापते. मोठा रेडिएटर घालू का?

महामार्गावर ठीक आणि रहदारीत गरम, असे असेल तर रेडिएटर नव्हे, हवा कमी पडते. पंख्याभोवतीची झालर नसली तर पंखा रेडिएटरच्या मधूनच हवा ओढतो आणि कोपरे कोरडे राहतात. पाती झालरीत साधारण निम्मी आत असावीत. महामार्गावरच तापत असेल, तर रेडिएटरचा आकार, आतला गाळ आणि इंधनाचे मिश्रण पाहावे. एलएसच्या सिलिंडर हेडवर वाफ निघण्याची छिद्रे असतात. त्यांची बारीक नळी रेडिएटरच्या वरच्या भागाला जोडलीच पाहिजे. ती बंद करून टाकली तर हेडमध्ये हवा अडकते.

१४. गाडी ६ व्होल्टची आहे. तशीच ठेवता येईल का?

नव्या इंजिनाबरोबर नाही. सेल्फ, इग्निशन आणि पंखा १२ व्होल्टवर चालतात. फोर्डने १९५६ साली १२ व्होल्ट स्वीकारले, आणि त्याआधीच्या फोर्डमध्ये धन टोक चॅसीला जोडलेले असे. तारा उलट न करता अल्टरनेटर लावला, तर त्याचे डायोड तत्क्षणी जातात. ६ व्होल्टच्या जाड तारा १२ व्होल्टला पुरून उरतात, पण त्यांचे कापडी आवरण कुजलेले असेल तर त्या काढूनच टाकाव्यात. दिव्याचे बल्ब बदलावेत आणि मूळ पेट्रोल-काट्याला व्होल्टेज कमी करणारा भाग जोडावा.

१५. ब्रेकमध्ये किमान काय बदलावे?

दोन स्वतंत्र मंडलांचा मास्टर सिलिंडर आणि पुढे डिस्क, हे किमान आहे. एकाच मंडलाच्या जुन्या व्यवस्थेत एक नळी फुटली की चारही चाकांचे ब्रेक एकदम जातात. मास्टर सिलिंडर जुन्याच जागी, तळाखाली ठेवला तर तो कॅलिपरपेक्षा (डिस्क दाबून धरणाऱ्या भागापेक्षा) खाली येतो आणि तेल मागे ओघळते. त्यासाठी डिस्कच्या नळीत सुमारे ०.१४ बारचा आणि ड्रमच्या नळीत ०.७ बारचा शेष-दाब झडप बसवतात. त्या दोघांची अदलाबदल झाली, तर डिस्क कायम घासत राहतात.

१६. डिझेल बसवावे का?

जुन्या पिकअपसाठी लोक कमिन्सच्या ३.९ लिटर, चार सिलिंडरच्या ४बीटी कडे वळतात. ते अत्यंत टिकाऊ आहे, पण त्याचे वजन साधारण ३४० किलो आहे आणि ते कर्कश थरथरते. केबिनचे जुने पत्रे, आरसे आणि माणसाचे दात यांना हा खरा प्रश्न असतो. शिवाय त्याचा गव्हर्नर (फेऱ्यांवर मर्यादा घालणारा भाग) साधारण २,५०० फेऱ्यांच्या आसपास हात आखडतो. प्रश्न ७ मधील ४.११ चा एक्सल आणि १.०० चा वरचा गिअर धरला, तर ही गाडी ताशी ८० किलोमीटरच्या पुढे फारशी जाणारच नाही. डिझेलला उंच एक्सल किंवा ओव्हरड्राइव्ह, बहुधा दोन्ही, अनिवार्य आहेत.

१७. फोर-व्हील ड्राइव्ह गाडीत हेच नियम लागू होतात का?

तत्त्व तेच, सवलत कमी. ट्रान्स्फर केसची (पुढच्या व मागच्या शाफ्टला जोर वाटून देणाऱ्या पेटीची) जागा बदलली की पुढचा आणि मागचा असे दोन्ही शाफ्ट नव्याने करावे लागतात, आणि पुढचा शाफ्ट व पुढचा एक्सल यांच्या वर-खाली होण्यामुळे खोल चेंबरला जागाच उरत नाही. दोन्ही एक्सलची गुणोत्तरे सारखीच ठेवावी लागतात, म्हणून प्रश्न ७ चे गणित चुकले तर दुरुस्ती दुप्पट महाग पडते.

१८. स्पीडोमीटर चालेल का?

यांत्रिक केबलचे तोंड असलेला गिअरबॉक्स घेतला तर चालेल. टायर आणि एक्सल बदलल्यामुळे केबलचा छोटा प्लास्टिक गिअर बदलावा. विद्युत-संवेदक असलेल्या बॉक्ससाठी केबल फिरवणारी छोटी मोटर मिळते.

१९. इंजिन बदलल्याची नोंद कागदपत्रांत करावी लागते का?

नियम जागेनुसार बदलतात, म्हणून इंजिन विकत घेण्याआधी आपल्या वाहननोंदणी कार्यालयात विचारावे. इंजिनाच्या खरेदीची पावती आणि त्यावरील क्रमांकाचे छायाचित्र मात्र सर्वत्र उपयोगी पडते.

२०. मूळ इंजिन विकून टाकू का?

त्यातील तेल बदलून, प्लगच्या जागी तेलाचे चार थेंब टाकून, तोंडे बंद करून ते ठेवून द्यावे. चॅसीत भोके पाडण्याऐवजी बोल्टने बसणारी माउंटिंग आणि आडव्या पट्ट्या वापराव्यात, म्हणजे गाडी कधीही पूर्वस्थितीला नेता येते.

२१. नव्याने बांधलेले ३५० पहिल्यांदा सुरू करताना काय जपावे? थोडा वेळ संथ चालवून पाहावे का?

संथ तर मुळीच चालवू नये. सपाट टॅपेटच्या (कॅमवर रोलरशिवाय घासत चालणाऱ्या) कॅमशाफ्टला पहिली वीस मिनिटे २,००० ते २,५०० फेऱ्यांवर, त्या वर-खाली करत चालवावे लागते, कारण कॅमला बहुतांश तेल क्रँकने उडवलेल्या फवाऱ्यातून मिळते आणि संथ फेऱ्यांवर तो फवारा तिथवर पोहोचत नाही. त्याआधी डिस्ट्रिब्युटर काढून ड्रिलने तेलाचा पंप फिरवून दाब आणावा, झिंकयुक्त तेल वापरावे, आणि इग्निशनचा टाइमिंग व कार्ब्युरेटरमधील पेट्रोल अगोदरच जमवून ठेवावे, म्हणजे सेल्फ मारत बसावे लागत नाही. रोलर टॅपेटच्या इंजिनांना, म्हणजे सर्व एलएसना, ही विशिष्ट वीस मिनिटे नकोत.

एका पत्रलेखकाने इंजिन सुरू झाल्याच्या आनंदात ते दहा मिनिटे संथ ठेवून सर्वांना त्याचा आवाज ऐकवला. त्या दहा मिनिटांत कॅमची दोन टोके गोल झाली, आणि लोखंडाची पूड नव्या बेअरिंगमधून फिरल्यामुळे त्याला सगळे इंजिन पुन्हा उघडावे लागले.